कोठा, कळ आणि कुडा

मराठी माणूस पोटाच्या बाबतीत शब्दांची कंजुषी करत नाही. मुरडा वेगळा, कळ वेगळी आणि नुसते दुखणे वेगळे. पोट गच्च होते, डब्ब होते, गुबारा धरतो, तडस लागते. कुणाचा कोठा जड, कुणाचा हलका. पातळ झाले तर ढाळ, चिकट पडू लागले तर आव किंवा शेम. परीक्षेच्या दिवशी पोटात गोळा येतो आणि जाऊन आल्यावरही 'साफ झाल्यासारखे वाटत नाही'. एवढे सगळे शब्द घेऊन रुग्ण दवाखान्यात शिरतो आणि बाहेर पडताना त्याच्या कागदावर तीनच अक्षरे असतात : आयबीएस. म्हणजे क्षोभक्षम आतड्याचा विकार.

मग तो घरी येतो आणि कुणीतरी सांगते, बेलाचा मुरंबा खा. दुसरा म्हणतो कुडा घे, तिसरा इसबगोल, चौथा ओवा. आमच्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी-शहागंजच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानात उभे राहिले की 'पोटासाठी काहीतरी द्या' हे वाक्य हमखास कानावर पडते. मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. जुनी वैद्यकविषयक मराठी पुस्तके आणि नव्या चाचण्यांचे अहवाल शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याचा नाद मात्र मला बरीच वर्षे आहे. त्या वाचनातून या लेखाचा प्रश्न निघाला : या वनस्पतींपैकी कोणती नेमकी कोणत्या तक्रारीसाठी होती, आणि तपासून पाहिल्यावर तिचे काय झाले?

तीन अक्षरांचा विकार

आयबीएसमध्ये दुर्बिणीतून आतडे पाहिले तर ते स्वच्छ दिसते. व्रण नाही, गाठ नाही, सूज नाही. म्हणून या विकाराची ओळख लक्षणांवरूनच करावी लागते. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशी पहिली यादी केली. आज २०१६ चे 'रोम-४' निकष वापरतात. त्यानुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखत असले पाहिजे. शिवाय तीनपैकी दोन गोष्टी जुळायला हव्यात : दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या वेळांमध्ये बदल आणि मलाच्या स्वरूपात बदल. त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वी तरी झालेली असावी. मग रुग्ण जुलाबाचा, मलावरोधाचा की आलटून-पालटून दोन्हींचा, असे उपप्रकार पाडतात. पुढच्या सगळ्या विवेचनाला या उपप्रकारांची गरज लागणार आहे.

आतडे दिसायला निरोगी, तरी दुखते का? एक उत्तर असे की या रुग्णांच्या आतड्यांतल्या संवेदना तिखट झालेल्या असतात. आतड्यात लहानसा फुगा फुगवून पाहिले, तर इतरांना नुसता भरल्यासारखा वाटणारा ताण त्यांना दुखतो. दुसरे कारण जंतुसंसर्गाचे. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये नळाचे पाणी दूषित झाले, दोन हजारांवर लोक आजारी पडले आणि सात दगावले. संशोधकांनी पुढे काही वर्षांनी त्या गावकऱ्यांना पुन्हा गाठले. ज्यांना त्या वेळी जुलाब झाले होते, त्यांच्यात आयबीएसचे प्रमाण न झालेल्यांच्या कितीतरी पट निघाले. जंतू गेले, पण आतडे हळवे होऊन बसले. ज्या शहरात नळाला अनेक दिवसांआड पाणी येते आणि घरोघरी ते पिंपात, टाक्यांत साठवून पुरवावे लागते, तिथल्या वाचकाला या उदाहरणाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तिसरा धागा मनाचा. तो आयुर्वेदाला नवा नाही. चरकाने अतिसाराचे जे सहा प्रकार सांगितले, त्यांत एक भयाचा आणि एक शोकाचा आहे. पोटात गोळा येणे हा वाक्प्रचार आपण अलंकार म्हणून वापरतो, पण मेंदू आणि आतडे यांच्यातल्या मज्जातंतूंच्या देवाणघेवाणीचे ते चांगले वर्णन आहे.

ग्रहणी आणि आयबीएस

आयुर्वेदावरच्या लोकप्रिय लेखनात 'आयबीएस म्हणजेच ग्रहणी' असे सर्रास लिहिलेले असते. चरकाच्या चिकित्सास्थानातला पंधरावा अध्याय ग्रहणीचा. ग्रहणी हे मुळात अवयवाचे नाव आहे. नाभीच्या वर, अन्न धरून ठेवणारे, अग्नीचे स्थान. अग्नी मंदावला की ती अन्न नीट पचण्याआधीच सोडून देते. मल कधी बांधलेला, कधी पातळ होतो. हे वर्णन आयबीएसच्या जवळ जाते, यात शंका नाही. पण ग्रहणीच्या छत्राखाली त्या काळी आणखी बरेच काही येत असणार : अन्नरस शोषला न जाण्याचे विकार, जुनाट आव, आतड्यांचा क्षय. उलट ज्याला मुख्य त्रास मलावरोधाचा आहे, तो आयबीएसचा रुग्ण ग्रहणीत बसत नाही. त्याच्यासाठी आनाह, उदावर्त, विबंध असे वेगळे शब्द आहेत.

शब्दांची ही घालमेल शास्त्री-पंडितांपुरती राहत नाही. नाव बदलले की औषध बदलते. मलावरोधाचा रुग्ण 'मला ग्रहणी आहे' असे समजून ग्राही, म्हणजे मल बांधणारे औषध घेऊ लागला, तर त्याचा त्रास वाढणारच.

ग्रहणीच्या प्रकरणात चरकाने ज्याला मोठा मान दिला, ते ताक मात्र दोन्हीकडे टिकले. दीपन, ग्राही आणि लघु असे त्याचे गुण सांगितले आहेत. आजच्या भाषेत, विरजण लागताना दुधातली काही साखर जिवाणू खाऊन टाकतात. त्यामुळे ज्याला दुधाने गुबारा धरतो, त्याला पातळ ताक बहुधा सोसते. जिरे-सैंधव घातलेल्या ताकाची वाटी हे या यादीतले सर्वांत निरुपद्रवी औषध आहे.

कुड्याची साल : खरे औषध, पण कशावर?

१५६३ मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापून निघाला. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचे हे संवाद आहेत. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात-येत असे. आमच्या शहराशेजारचा देवगिरीचा किल्लाही त्या वेळी निजामशाहीतच होता. ओर्ताच्या ग्रंथात रक्ती आव आणि जुलाबांवरच्या मलबारातल्या एका झाडासाठी स्वतंत्र संवाद आहे, आणि अभ्यासक ते झाड म्हणजे कुडा असे मानतात. पुढे अठराव्या शतकात हीच साल 'तेलिचेरी साल' या नावाने युरोपच्या औषधबाजारात गेली. विसाव्या शतकात तिच्यातले कोनेसीन हे द्रव्य वेगळे करून आमांशाच्या अमिबावर वापरून पाहिले गेले. ते परिणामकारक होते, पण मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांमुळे आणि अधिक चांगली औषधे आल्यामुळे मागे पडले.

म्हणजे कुड्याची कीर्ती खोटी नाही. ती आवेवरची, संसर्गावरची कीर्ती आहे. ज्याच्या आतड्यात आज अमिबा नाही आणि तरी मुरडा आहे, त्याच्यासाठी ती उसनी घेता येत नाही. आपल्याकडे पोटाची प्रत्येक जुनाट तक्रार 'आव आहे' म्हणून खपते, आणि मग कुटजारिष्टाच्या बाटल्या किंवा अमिबावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. साधी मलतपासणी पुष्कळदा हा घोळ मिटवू शकते.

शिवाय झाड कोणते, हाही प्रश्न आहे. औषधी तो पांढरा कुडा. काळा कुडा दिसायला त्याच्या जवळचा, पण वेगळ्या जातीचा. त्याची साल पांढऱ्यात मिसळली जाते, ही वनस्पतिशास्त्रज्ञांची जुनी तक्रार आहे. पुडीतल्या सालीकडे पाहून सामान्य गिऱ्हाइकाला ते कळत नाही.

बेल : एका फळाची दोन औषधे

सर्व फळे पिकलेली चांगली, बेल मात्र कच्चा चांगला, असा आयुर्वेदाचा निर्वाळा आहे. कच्चे बेलफळ मल बांधते. पिकलेले पचायला जड आणि कोठा मोकळा करणारे. उन्हाळ्यात आपण पितो ते सरबत पिकल्या बेलाचे, आणि बेलाचा खरा औषधी मुरंबा कच्च्या फळाचा. 'बेल पोटाला चांगला' या वाक्यात ही अर्धी माहिती गळून पडते.

बेलाची आयबीएसवरची सर्वांत प्रामाणिक परीक्षा बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. १६९ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गट केले. एकाला बेल आणि नीरब्राह्मी यांचे औषध, दुसऱ्याला त्या काळचे प्रचलित औषध (पेटके सोडवणारे, मन शांत करणारे आणि सोबत इसबगोल), तिसऱ्याला औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले काहीतरी. कुणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. सहा आठवड्यांनी बेलाच्या गटात सुमारे ६५ टक्के, प्रचलित औषधाच्या गटात सुमारे ७८ टक्के आणि तिसऱ्या गटात सुमारे ३३ टक्के रुग्णांना आराम पडला.

इथेच वाचन थांबवले तर 'बेल सिद्ध झाला' असे लिहिता येते. पुढच्या दोन ओळी अधिक मोलाच्या आहेत. बेलाचा फायदा प्रामुख्याने जुलाबाच्या रुग्णांत दिसला. ज्यांची मुख्य तक्रार दुखण्याची, त्यांना प्रचलित औषध बरे पडले. आणि सहा महिन्यांहून अधिक काळ पाठपुरावा केल्यावर, दुखणे पुन्हा उलटू नये म्हणून दोन्ही औषधांपैकी एकाचाही नकली औषधापेक्षा जास्त उपयोग झालेला आढळला नाही. बेल काय करतो आणि काय करत नाही, हे दोन्ही त्या एका चाचणीने सांगितले. ग्राही फळ जुलाबाला उपयोगी पडले, कळेला फारसे नाही. जुन्या ग्रंथांचा दावाही तेवढाच होता.

पुदिना, ओवा आणि लाल औषधाची बाटली

मराठवाड्यात निजामी अमलापासून घरोघरी असलेली एक छोटी बाटली म्हणजे 'जिंदा तिलिस्मात'. १९२० मध्ये हैदराबादेत सुरू झालेले हे युनानी औषध सर्दीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याला लावले आणि घेतले जाते. निलगिरी, कापूर, पुदिन्याचा अर्क, ओव्याचा अर्क, आणि लाल रंगासाठी रतनजोत. उत्तरेकडची 'अमृतधारा' याच घराण्यातली : कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल. हे तिन्ही घन पदार्थ एकत्र ठेवले की उष्णता न देताही विरघळून तेल होतात. लहानपणी ही जादू अनेकांनी पाहिली असेल. मिश्रणाचा वितळणबिंदू सुट्या घटकांहून खाली जातो, एवढेच तिचे रहस्य.

यातल्या पुदिन्याच्या फुलाला, म्हणजे मेंथॉलला, आतड्याच्या बाबतीत खरे काम आहे. आतड्याच्या स्नायूत कॅल्शियम शिरले की तो आकसतो. मेंथॉल ती वाट अडवते, म्हणून पेटका सैल पडतो. १९७९ मध्ये वेल्समधल्या कार्डिफच्या डॉक्टरांनी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलची पहिली छोटी चाचणी घेतली. त्यानंतर अनेक झाल्या आणि बहुतेकांचा कौल अनुकूल पडला. २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या १९० रुग्णांच्या काटेकोर चाचणीत मात्र ठरवलेल्या मुख्य कसोटीवर हे तेल नकली औषधाहून सरस ठरले नाही. दुय्यम कसोट्यांवर काही फायदा दिसला. २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने म्हणूनच त्याची शिफारस केली, पण पुरावा हलक्या दर्जाचा आहे असे बजावून.

आपल्यासाठी इथे दोन खाचा आहेत. पहिली, चटणीतला पुदिना तो नव्हे. आपल्या बागेतल्या पुदिन्यात मुख्य सुगंधी द्रव्य वेगळे असते आणि मेंथॉल नाममात्र. पेपरमिंट ही निराळी वनस्पती. चटणी रुचीसाठी खावी, चाचणीचा हवाला तिला देऊ नये. दुसरी, चाचण्यांतले तेल जठरात न विरघळणाऱ्या आवरणात असते. तसे नसेल तर ते अन्ननलिकेच्या खालच्या झडपेलाही सैल करते आणि छातीत जळजळ सुरू होते. ज्याला आधीच आम्लपित्त आहे, त्याने हे लक्षात ठेवावे. आणि कापूर असलेले कोणतेही औषध लहान मुलांच्या पोटात देऊ नये. कापराने मुलांना झटके येतात.

घोड्याचा कान

इसबगोल हे नावच फारसी आहे : 'अस्प' म्हणजे घोडा, 'गोल' म्हणजे कान. बियांचा आकार पाहिला की नाव पटते. हकिमांबरोबर आलेले हे बी आज गुजरात-राजस्थानात पिकून जगभर जाते, आणि या यादीत सर्वांत भक्कम पुरावा त्याच्याच बाजूने आहे.

२००९ मध्ये नेदरलँड्सच्या साध्या दवाखान्यांतून २७५ रुग्ण निवडले गेले. एका गटाला रोज दहा ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला तेवढाच गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला तांदळाचे पीठ. पहिल्या महिन्यात इसबगोलाच्या गटात ५७ टक्के, कोंड्याच्या गटात ४० टक्के, तांदळाच्या गटात ३५ टक्के रुग्णांना पुरेसा आराम मिळाला. कोंडा मध्येच सोडणारे सर्वांत जास्त निघाले, आणि त्यांचे मुख्य कारण त्रास वाढला हे होते. 'चोथा खा, पोट साफ होईल' हा सल्ला आपण डोळे मिटून देतो. पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा चोथा वेगळा आणि कोरडा खरखरीत कोंडा वेगळा, हे या चाचणीने दाखवले. इसबगोल पाणी धरून ठेवतो, म्हणून कडक मल मऊ करतो आणि पातळ मलालाही थोडा बांधा देतो. मात्र तो भरपूर पाण्याबरोबर घ्यावा आणि अल्प मात्रेने सुरुवात करावी. कमी पाण्यात तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो.

वैद्याचे कसब

इथवरच्या उदाहरणांतून एक सूत्र दिसते. बेल ढाळाला, पेपरमिंट कळेला, इसबगोल मुख्यतः जड कोठ्याला, कुडा खऱ्या आवेला. औषध तक्रारीला जुळले तर उपयोग, नाही तर नाही. या सूत्राची थेट परीक्षा १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियात चिनी वनौषधींवर झाली. ११६ रुग्णांपैकी काहींना सगळ्यांसाठी एकच ठरावीक मिश्रण, काहींना प्रत्येकाला तपासून त्याच्यापुरते बांधलेले औषध आणि काहींना नकली औषध दिले. उपचार चालू असताना दोन्ही औषधी गटांना बरे वाटले. उपचार थांबवल्यावर चौदा आठवड्यांनी पाहिले, तर सुधारणा टिकली ती व्यक्तीगणिक औषध मिळालेल्यांचीच. २००६ मध्ये हाँगकाँगला जुलाबाच्या ११९ रुग्णांवरच्या चाचणीत अकरा वनस्पतींचे एकच ठरावीक मिश्रण दिले, ते नकली औषधाच्या पुढे गेले नाही.

एकेका चाचणीवर इमारत उभारू नये. तरीही शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' किंवा डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ चा 'ओषधिसंग्रह' चाळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. त्या पुस्तकांत वनस्पतीच्या नावापुढे गुण, मात्रा आणि अनुपान येते. 'पोटासाठी' एवढ्यावर त्यांचे भागत नाही.

याच्या उलट्या बाजूचीही नोंद हवी. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी आयबीएसच्या ८० रुग्णांपैकी निम्म्यांना गोळ्या दिल्या आणि या गोळ्यांत औषध नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगितले. तरीही काहीच न घेणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम वाटला. बनारसच्या नकली औषधाच्या गटातलाही तिसरा हिस्सा सुधारला होता. म्हणून 'मला अमक्या काढ्याने गुण आला' ही साक्ष खरी असूनही काढ्याचा पुरावा ठरत नाही. लक्ष देणारा वैद्य, ठरलेली वेळ, आहाराला लागलेले वळण यांचाही त्यात वाटा असतो.

पुडीत काय आहे?

वनौषधी म्हणून दिली जाणारी प्रत्येक पुडी वनस्पतीची नसते. ग्रहणीवर वापरली जाणारी पंचामृत पर्पटी पारा, गंधक, लोह, ताम्र आणि अभ्रक यांची असते. २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. काळ्या-करड्या पुडीवर नाव आणि घटक लिहिलेले नसतील, तर ती घेऊ नये. सोनामुखी रोजच्या सवयीची करू नये, तिने मुरडा वाढतो. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाचा नाही, गमावलेल्या वेळेचा आहे. मलातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे : यांपैकी एकही गोष्ट असेल तर ती आयबीएस समजून काढ्यांवर काढू नये. आपल्याकडे आतड्यांचा क्षय अजून आहे, गव्हाची असोशीही आहे, आणि सुरुवातीला दोन्हींचा वेष अगदी 'जुनाट पोट बिघडल्या'सारखाच असतो. अशा वेळी घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाची पायरी आधी, काष्ठौषधींचे दुकान नंतर.

ही शंका फिटल्यावर वनस्पती वापरायच्या, तर एका वेळी एकच, ठरलेल्या मात्रेत, महिनाभर, आणि रोज दोन ओळी लिहून. चालू गोळ्या असतील तर डॉक्टरांना त्याची कल्पना देऊन. आणि वैद्य असो वा डॉक्टर, समोर बसल्यावर 'आयबीएस आहे' एवढेच सांगू नये. मुरडा की कळ, जेवणानंतर की उपाशीपोटी, ढाळ की खडा, जाऊन आल्यावर उतरते की नाही, हे आपल्या शब्दांत सांगावे. कोणते औषध हे त्या उत्तरांवरच ठरते.